सुकतीला सायकल, भरतीला अभ्यास

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते बघून कुणी घराबाहेर पडत नसे. चालायचं, टोलेही द्यायचं, मात्र अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. अण्णा मालवाहू बोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नऊ-दहा महिने बोटीवर आणि तीन-चार महिने घरी, अशी त्यांची आयुष्यभराची रीत. घरी असले की पहाटे उठून पडवीत उभे राहायचे, खाली भाट्याच्या खाडीकडे एक नजर टाकायचे आणि आईला सांगायचे, "पावणेसहा झाले असतील." आई आत जाऊन घड्याळ बघायची आणि काही न बोलता चुलीकडे वळायची, त्यावरून आम्ही समजायचो की अण्णा बरोबर आहेत. खाडीवरच्या पुलावरून रत्नागिरी शहरात चढणारी जी घाटी आहे, तिच्या मध्यावर आमचं घर होतं. दिवसभर रस्त्यावरून ट्रक गिअर बदलत कण्हत वर जायचे, मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका एकमेकींशी भांडल्यासारख्या गप्पा मारत जायच्या, आणि सगळ्यांच्या खाली, जमिनीतून आल्यासारखी, समुद्राची गाज. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा. त्या बांगड्याचा वास सगळ्या घाटीभर जायचा आणि शेजारी विचारायचे, सारंग आले वाटतं घरी.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी अण्णांनी मुंबईहून एसटीच्या टपावर टाकून एक सायकल आणली. हिरवी, लेडीज, पुढे तारेची टोपली. कुणाकडून घेतली, कशी घेतली ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आईने मात्र पहिल्याच दिवशी पदर खोचून तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "कॉलेजात शिकायला घातलाय की पत्रं वाटायला?" आई नाटे गावची. तिकडे तिच्या लहानपणी बायका चालत किंवा होडीने जात, आणि दोन्हीपैकी एकही जमत नसेल तर घरी बसत. व्यायाम या शब्दाचं तर तिला हसूच यायचं. मी एकदा अंगणात हातपाय हलवत होते तर तिने माझ्या हातात कळशी दिली. "विहिरीला पाणी आहे, दहा कळश्या ओढ, सगळा व्यायाम होईल." मीही काही कमी नव्हते. दहा कळश्या ओढल्या आणि मग सायकल काढून मिऱ्या बंदरापर्यंत जाऊन आले.

पहिल्या वर्षी मी जे काही केलं त्याला शिक्षण म्हणणं धाडसाचं होईल. रत्नागिरी हे सायकलीसाठी केलेलं गाव नव्हेच. जिथे जावं तिथे चढ नाहीतर उतार, सपाट रस्ता असा नाहीच. पण मला वेड लागलं होतं. लेक्चर सुटलं की मांडवी, मांडवीवरून किल्ला, किल्ल्यावरून पांढरा समुद्र. रविवारी एकटीने गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन आले आणि आईला सांगितलं की मैत्रिणीकडे अभ्यास केला. देवाच्या दारी जाऊन आल्यामुळे खोटं अर्धंच धरलं जाईल असा माझा हिशोब होता. तो देवाने मानला नाही. केमिस्ट्रीत मी आपटले. नुसती नाही, चांगली आपटले. गुणपत्रिका आईच्या हातात गेली तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तांबड्या शाईची रेघ कुणालाही वाचता येते.

आई रागावली की ओरडायची नाही. ती शांतपणे कामं उरकायची आणि मग एकच वाक्य बोलायची, आणि ते वाक्य कोर्टाच्या निकालासारखं असायचं. त्या रात्री भांडी घासून झाल्यावर ती अण्णांना म्हणाली, "ही सायकल नाट्याला दादाकडे पाठवा. त्याची पोर शाळेला तास तास चालते. तिला उपयोग होईल. हिला झाला तो पुरे झाला." मी रडले. खूप रडले, त्याची आता लाज वाटत नाही. विषय राहिल्याचं मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. पण उतारावर ब्रेक न लावता, वारा तोंडावर घेत खाली येताना मला जे वाटायचं, ते पुन्हा कधी वाटणार नाही, हे मला सहन होईना. एकोणीस वर्षांच्या पोरीला याच्याहून मोठं संकट माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर एकोणिसाव्या वर्षी याच्याहून मोठं संकट असूही नये.

अण्णा तेव्हा घरी होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भाट्याच्या पुळणीवर नेलं. पाणी पार खाली गेलं होतं आणि ओली वाळू इतकी घट्ट झाली होती की माझ्या टाचेची खूणसुद्धा उमटत नव्हती. "चालव," ते म्हणाले. मी चालवली. रत्नागिरीत मला पहिल्यांदाच सपाट जमीन मिळाली होती. पुळणीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले, तर अण्णा सुरूच्या झाडाखाली बसून बोटांवर काहीतरी मोजत होते.

"हे बघ कुंदा," ते म्हणाले. "समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा सुकतो. सुकतो म्हणजे तो काम सोडतो असं नाही. सुकती झाल्याशिवाय भरती कशी यायची? तू नुसतीच सुकतेस, भरायचं नाव नाही. तुझी आई म्हणते नुसतं भर. बोट अशी चालत नाही."

"मग काय करू?"

"सुकतीला सायकल, भरतीला अभ्यास. पाणी सांगेल तसं. घड्याळाला फसवता येतं, पाण्याला येत नाही."

मग त्यांनी मला ती जुनी रीत शिकवली, जी आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना येते आणि कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती पूर्ण. त्याच्या आधी सहा तास, म्हणजे नऊला, सुकती. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे. आईला त्यांनी कसं पटवलं ते मला माहीत नाही. त्यांनी पटवलं असंही नाही, तिने फक्त शिक्षा पुढे ढकलली. "दुसऱ्या वर्षाला पहिला वर्ग आणला तर सायकल राहील. आणि एकदा जरी अभ्यासाच्या आड आली, तर मी कुणाला विचारायला जाणार नाही. उचलून एसटीवर टाकीन."

आता मागे वळून बघताना वाटतं, मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असं वेळापत्रक कुणी पाळलं नसेल. मी चौकटीच्या वहीचा कागद घेतला, त्यावर प्रतिपदेपासून पंधराव्या तिथीपर्यंत ओळी आखल्या, प्रत्येक ओळीपुढे सुकतीची वेळ आणि भरतीची वेळ लिहिली आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. कडेला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला. रोज रात्री झोपताना चिमटा एक ओळ खाली सरकवायचा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा वर. पंधरा दिवसांचा कागद वर्षभर पुरला. तारीख, वार, काही नाही. मी तिथीवर जगत होते. सोमवारी काय करायचं ते मला सांगता यायचं नाही, पण दशमीला सेंद्रिय रसायन करायचं हे पक्कं ठाऊक असायचं.

पौर्णिमेच्या आसपास पहाट माझी असायची. उजाडता उजाडता पूल ओलांडून भाट्याला जायचं, पाऊण तास त्या घट्ट वाळूवर सायकल पळवायची, आणि घरी येऊन आंघोळ करून पुस्तक उघडायचं. डोकं असं लख्ख झालेलं असायचं की सूत्रं वाचता वाचता पाठ व्हायची. अष्टमीच्या सुमाराला सुकती भर दुपारी यायची, तेव्हा मी वर्गात असायचे. त्या दिवसांसाठी अण्णांनी बोटीवरच्या दोराचा तुकडा आणून त्याच्या टोकांना स्वतः वळून मुठी केल्या होत्या. अंगणात दोरीवरच्या उड्या. ते पडवीत बसून मोजायचे आणि मध्येच विचारायचे, "शंभरावर आलीस, आता सांग, आम्ल आणि आम्लारी मिळून काय होतं?" मी धापा टाकत सांगायचे. त्यांना उत्तर बरोबर की चूक ते कळत नव्हतं. मी अडखळले का, एवढंच ते ऐकायचे. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून उड्या.

रेवती माझ्या वर्गात होती. मंडणगडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी, बारीक, चष्मा लावणारी आणि अभ्यासाला बसली की भूकंप झाला तरी न उठणारी. तिने समुद्र कॉलेजला आल्यावर पहिल्यांदा पाहिला होता. मी तिला म्हटलं, मला केमिस्ट्री शिकव, मी तुला सायकल शिकवते. तिने तीन दिवस विचार केला आणि मग हो म्हणाली. वाळूवर शिकण्यात एक सोय असते, पडलं तरी फारसं लागत नाही. ती इतकी पडली की पुळणीवर जाळी ओढणाऱ्या माणसांनी तिला नावानिशी ओळखायला सुरुवात केली. "आज किती, बाई?" ते विचारायचे. ती उभी राहून परकरावरची वाळू झटकत गंभीरपणे सांगायची, "आज चारच." ज्या दिवशी ती पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न पडता गेली, त्या दिवशी तिला थांबता येईना, कारण थांबायचं कसं ते मी शिकवायची विसरले होते. ती सरळ पाण्यात गेली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत सुटली. मी तिला त्याआधी हसताना पाहिलंच नव्हतं.

माझी नात आता इंजिनिअरिंगला आहे. तिची सायकल माझ्या सायकलीपेक्षा हलकी आहे आणि तिला गिअर एकवीस. हेल्मेट घालते, मनगटावर पट्टा बांधते, आणि तो पट्टा तिला सांगतो की आज किती दमलीस. दमलो की नाही हे आम्हाला स्वतःला कळायचं, एवढाच काय तो फरक. परवा भाट्याला जायचं म्हणून फोनमध्ये बघून म्हणाली, "आजी, आठ वाजून अकरा मिनिटांनी ओहोटी." मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "सव्वाआठ धर." तिने फोन खिशात टाकला. असे छोटे छोटे विजय या वयात फार पौष्टिक असतात. बाकी गुडघ्यांचं म्हणाल तर त्यांनी सहकार्य बंद केलंय. पण सपाट रस्ता असेल तर मी अजून चालवते, आणि कोणी काही बोललं तर मला कमी ऐकू येतं.

आईला मात्र तेव्हा माझ्या वेळापत्रकाचा जाच व्हायचा. माझी भूक पाण्याबरोबर फिरायची. आज सातला जेवायला मागणारी पोर चार दिवसांनी दहाला मागते, आणि येते ती मिठाने पांढरी झालेली. ती ताट वाढायची, ताटात फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, वर कोकमाची कढी, आणि वाढता वाढता बोलत राहायची. "घर आहे की धक्का? भरतीला एक येते, सुकतीला एक जाते." कपाटाच्या दारावरच्या कागदाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तिथी तिला कागदावर बघावी लागत नसे, आणि माझा कागद तिच्या लेखी थेरं होती. पण सहामाहीत मला चांगले गुण पडले तेव्हा ती काही बोलली नाही, आणि तिने काही न बोलणं हे आमच्या घरात बक्षीस होतं. त्या वर्षी अण्णांना नेहमीसारखी लवकर बोट मिळाली नव्हती; मार्च संपता संपता मुंबईहून बोलावणं आलं. पुढची बोट लागली होती. जाताना ते म्हणाले, "परीक्षेपर्यंत चिमटा सांभाळ."

लेखी पेपर बरे गेले. राहिलं होतं फक्त केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, ज्या विषयात मी आपटले होते तोच. नोटीस लागली तेव्हा मी घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेची तिथी पाहिली, चैत्र वद्य तृतीया, आणि कागदावर तृतीयेच्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिलं, प्रॅक्टिकल, सकाळी नऊ. मग कॅलेंडरकडे पुन्हा पाहायची गरजच उरली नाही. पौर्णिमा झाली, चिमटा वर गेला. प्रतिपदा उजाडली. आईने विचारलं, "कधी गो तुझी ती परीक्षा?" मी म्हटलं, "परवा." रात्री झोपताना चिमटा द्वितीयेवर सरकवला आणि ठरवलं की उद्या शेवटचा मोकळा दिवस, तेव्हा भाट्याला न थांबता पुढे कसोपला जायचं. तिथली पुळण रिकामी असते, आणि मोठ्याने उजळणी करता येते.

कसोपला पोहोचले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि वाळूवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं, खडकावरची कालवं कोयतीने टक टक करून काढणारी एक बाई सोडून. मी सायकल चालवत मोठमोठ्याने क्षारांच्या परीक्षा म्हणत होते. मजेत होते. पण काहीतरी खटकत होतं. द्वितीया म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे साडेसातला सुकती. माझ्या मनगटावर आठ वाजून गेले होते आणि पाणी अजून उतरतच होतं. नवी ओली वाळू उघडी पडत होती. मी त्या बाईजवळ गेले.

"मावशी, आज पाणी उशीर का करतंय?"

तिने मान वर केली. "पानी कशाला उशीर करील? आपल्या टायमानं चाललाय."

"पण आज बीज ना. साडेसातला सुकायला हवं होतं."

"बीज खंयची आता?" ती कोयती थांबवून म्हणाली. "परवा पुनव, काल पाडवा, आज तीज. मधली बीज यंदा पंचांगानं खाल्लीन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी वाळूवर मटकन बसले. पंचांगात कधी कधी एखादी तिथी गळते. सूर्योदयाला एक, दुसऱ्या सूर्योदयाला एकदम तिसरी. क्षयतिथी म्हणतात तिला. हे मला लहानपणापासून ऐकून ठाऊक होतं, पण चिमट्याला ठाऊक नव्हतं. चिमटा बिचारा रोज एकच ओळ उतरायचा. आज तृतीया होती. परीक्षा आज होती, नऊला. घड्याळात सव्वाआठ, मी कसोपला, आणि जर्नल, एप्रन, ओळखपत्र घरी. जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर सायकलही गेली, कारण आता खरोखरच ती अभ्यासाच्या आड आली होती, आणि तीही माझ्याच हाताने. त्या बाईने विचारलं, "काय झालं गो बाय?" मी सांगितलं. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि कोयतीने रस्त्याकडे खूण केली. "मग बसलीस काय? पळ."

पुढचा तास मला पूर्ण आठवत नाही, तुकडे आठवतात. कातळावरचा चढ, उजवीकडे पिकत्या आंब्यांच्या वासाने जड झालेल्या कलमांच्या बागा, छातीत पेटलेली भट्टी. एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला त्याला मी काहीतरी बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पूल आला तेव्हा नऊला पाच कमी होते. आणि पुलानंतर आमची घाटी. ती घाटी मी वर्षभरात एकदाही न उतरता चढले नव्हते. मध्ये थांबलं की पुन्हा पाय मारता येत नाही, इतका चढ. मी मनात ठरवत होते की घरापाशी थांबायचं, आत धावायचं, जर्नल शोधायचं, आणि तेवढ्यात मला आई दिसली.

ती घराच्या बरीच खाली, रस्त्याच्या कडेला उभी होती. हातात पिशवी. मागून कळलं ते असं की साडेआठला रेवती मला बोलवायला घरी आली होती, सोबत जाऊ म्हणून, आणि म्हणाली होती, काकू, आज नऊला आहे. आईने रेवतीला पुढे पाठवलं, माझ्या टेबलावरची होती नव्हती ती सगळी वह्या-पुस्तकं पिशवीत कोंबली, त्यात माझा एप्रन आणि चुकून तिचं एक लुगडंही, आणि ती रस्त्यावर येऊन उभी राहिली. मला येताना पाहिलं आणि तिने पदर कमरेला खोचला. मी ब्रेककडे हात नेला तर ती ओरडली, "थांबू नको. थांबलीस तर चढायची नाहीस." आणि आई धावायला लागली. माझी आई, जिला मी आयुष्यात झपझप चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं, त्या चढावर माझ्या सायकलीबरोबर धावत होती. वीसेक पावलं ती धावली, पिशवी टोपलीत टाकली आणि माझ्या पाठीवर हात टेकून मला एक धक्का दिला. मागून तिचा श्वास ऐकू आला आणि मग तोही मागे पडला.

खोटं कशाला लिहू, घाटी मी शेवटपर्यंत चढले नाही. वरच्या वळणावर पाय संपले. उतरले आणि सायकल हाताशी धरून धावले. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात पोहोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. बाहेरून आलेले परीक्षक दाराशीच उभे होते, टक्कल पडलेले, कडक इस्त्रीचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसांत वाळू, अंगाला मीठ, पिशवीतून लोंबणारं लुगडं.

"एवढा उशीर?"

"सर, परीक्षा उद्या आहे असं वाटलं मला."

मी पिशवीतून जर्नल काढून त्यांच्या हातात दिलं. ते जर्नल चाळत राहिले. मग म्हणाले, "जर्नल नीट ठेवलंय. आधी पाणी प्या. धाप थांबेपर्यंत ब्युरेटला हात लावू नका." मी पाणी प्यायले. कोपऱ्यात उभी राहून दोरीवरच्या उड्यांनंतर मोजायचे तसे श्वास मोजले. पलीकडच्या टेबलावरून रेवतीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पहिलं वाचन वाया गेलं, रंग एकदम गडद गुलाबी झाला. दुसऱ्या वेळी थेंब थेंब सोडला. जेमतेम दिसेल असा फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तिसरं वाचन दुसऱ्याशी तंतोतंत जुळलं. त्या प्रॅक्टिकलला मला वर्गातले सगळ्यात जास्त गुण मिळाले आणि पहिला वर्गही आला, पण ते सगळं जूनमध्ये. त्या दुपारी मला यातलं काही माहीत नव्हतं.

बाहेर आले तर आई आवारातल्या पायरीवर बसली होती. सायकलला कुलूप लावायचं मी विसरले होते, म्हणून ती एका हाताने हँडल धरून बसली होती, म्हैस धरावी तसं. "झालं?" तिने विचारलं. "झालं," मी म्हटलं. ती उठली आणि घराकडे चालू लागली. मी सायकल हातात धरून तिच्या शेजारून चालत होते. संध्याकाळी मी सायकल धुतली, साखळीला तेल दिलं, टोपलीतली वाळू झटकली. दुसऱ्याला द्यायची तर स्वच्छ द्यावी. कपाटाच्या दारावरचा कागद काढून फाडून टाकला. आई चुलीपाशी बसून सगळं बघत होती. रात्री जेवताना तिने मला तळलेला बांगडा जास्तीचा वाढला आणि तरीही काही बोलली नाही, म्हणून मी समजले की निकाल लागला. अंथरुणात पडून मी तोंड उशीत खुपसलं आणि आवाज न करता रडले.

सकाळी तिने मला हलवून उठवलं. खिडकीत ऊन आलं होतं. आई आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून, केस विंचरून तयार होती.

"ऊठ गो. आज चवथ. नऊला सुकती."

मला वाटलं मी अजून झोपेत आहे. "सायकल नाट्याला नाही पाठवायची?"

"दादाच्या पोरीला दुसरी बघू. हे घरी आले की सांगते." ती पडवीकडे निघाली होती. "आज संकष्टी, माझा उपास. सकाळचा स्वयंपाक नाही. मी येते तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"तू जातेस तिथे. काल चढावर तुझं तोंड बघितलं मी. एवढं काय आहे त्याच्यात ते मला एकदा बघू दे."

घाटी आम्ही चालत उतरलो, पूल चालत ओलांडला. पुळणीवर आल्यावर तिने चपला काढून टोपलीत ठेवल्या. पाणी पार खाली गेलं होतं आणि वाळू आरशासारखी ओली होती. आई कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली, एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने माझी कंबर धरून, इतकी घट्ट की मला श्वास घेता येईना. ती काही हलकी बाई नव्हती. सायकल दोनदा डुगडुगली, तेव्हा तिने गणपतीचं नाव घेतलं. मग चाकं सुरळीत फिरू लागली. मी हळूहळू चालवत होते, पाडलं तर जन्मभर ऐकावं लागेल या भीतीने. अर्धी पुळण मागे पडली. वारा समोरून होता. मग माझ्या कमरेवरची तिची पकड थोडी सैल झाली, आणि माझ्या पाठीमागून, कानाशी, मी कधी न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली, "जरा जोरात मार की गो."